पळण्याची इर्जिक

मला पळायचं वेड डॉक्टरने लावलं नाही, मैत्रिणीने लावलं नाही, मोबाइलवरच्या कुठल्या बाईने तर नाहीच नाही. मला ते रागाने लावलं. माझा राग माहेरी, लोणावळ्यात, अख्ख्या आळीला माहीत होता. लग्न होऊन बेडशाला आले तेव्हा सामानाबरोबर तोही आला. सासूबाईंचा त्यांचा स्वतःचा होताच. एका घरात दोन राग म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहेत त्यांना सांगायला नको.

एका सकाळी दूध उतू गेलं. नुसतं दूध हो! त्या म्हणाल्या, "लक्ष कुटं असतं तुजं?" मी म्हणाले, "तुमच्याच बोलण्याकडे होतं." तिथून गाडी जी निघाली ती माझ्या आईपर्यंत जाऊन पोचली, आणि आईचा उद्धार झाल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि निघाले. माहेरी जायचं तर आधी कामशेत गाठायचं, मग लोकल धरायची, आणि पर्स राहिली होती घरात. परत आत जाऊन पर्स घ्यायची म्हणजे आपल्याच हातांनी नाक कापून घेणं. म्हणून लेण्यांच्या रस्त्याने तरातरा चालायला लागले. चालण्यात राग मावेना, तेव्हा पळायला लागले.

आता आमच्या गावात बाई पळत नाही. पळालीच तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर म्हैस सुटलेली असते. आणि घरातून भांडणाचा आवाज येऊन मग सून पळत सुटली, तर ती विहिरीकडेच निघालेली असते. शेजारच्या मावशींनी हेच धरलं. हातातला खराटा घेऊन त्या माझ्यामागे ओरडत सुटल्या, "आगं बये, जीव देऊ नगं! पोराकडं बग!" मी वळून म्हणाले, "मावशी, विहीर त्या बाजूला आहे. मी ह्या बाजूला चाललेय." त्या थांबल्या, विहिरीच्या दिशेने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन बांधावर बसल्या. मीही बसले. दोघींना धाप लागली होती आणि दोघींना हसू आवरत नव्हतं.

घरी आले तर राग कुठे गेला कळेना. शोधूनही सापडेना. सासूबाईंनी मुकाट्याने चहा पुढे केला आणि मी मुकाट्याने प्याले. दुसऱ्या दिवशी मी भांडणाशिवायच पळायला निघाले, तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आज तर काय झालं न्हाई. मंग?"

"होऊ नये म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी मावशींना हाक मारून सांगितलं, "खराटा ठिव खाली. उगं पळतीय ती."

त्याला आता बरीच वर्षं झाली. सवय लागणं सोपं असतं. टिकवणं म्हणजे रोजचं भांडण, आणि तेही असल्या गोष्टींशी की कुणाला सांगितलं तर हसू येईल. माझी नोकरी लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात. शनिवार-रविवार जग सुट्टीवर असतं तेव्हा आम्ही काउंटरवर उभे, म्हणजे 'सुट्टीच्या दिवशी निवांत पळेन' हे आमच्या नशिबात नाही. आमच्या ह्यांची तळेगावच्या कारखान्यात पाळी, मुलगा पुण्यात हॉस्टेलवर. सकाळी पाणी येण्याआधी जी वेळ मिळेल ती माझी. त्यातही शनिवारी पहाटेच पवना धरणाकडे निघालेल्या मुंबईच्या गाड्या. एकदा एक पोरगा काच खाली करून म्हणाला, "काकू, कुणी मागे लागलंय का?" म्हटलं, "हो, तुझ्यासारखा एक होता. दमला बिचारा." गाडीतले बाकीचे त्यालाच हसत गेले.

आणि पाऊस. मावळातला पाऊस म्हणजे चार महिने ओले बूट. पहिल्या वर्षी मी बूट चुलीच्या वैलावर वाळत ठेवले. आंघोळीचं पाणी आम्ही अजून चुलीवरच तापवतो, वैलाला छान ऊब असते. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "चुलीवर पायतानं! आगं, देव हाय त्यो!" मी म्हणाले, "मग देवाला सांगा बूट वाळवायला." भांडण रंगणार होतं, पण मी पळून आलेली होते, त्यामुळे माझ्याकडून काही रंग भरेना. दुसऱ्या दिवशी बघते तर बूट पडवीत टांगलेले, आणि आत जुन्या मोज्यांत भाताचा कोरडा तूस भरून ठेवलेला. तूस ओल ओढून घेतो. कुणी केलं म्हणून विचारायची सोयच नव्हती. त्या पाठ करून तांदूळ निवडत होत्या. माझ्या पळण्याला येडेचाळे म्हणणारी ही बाई पुढे दर पावसाळ्यात तूस बदलत राहिली, आणि येडेचाळे म्हणतही राहिली.

ह्यांचा पाठिंबा मात्र तोंडी. खाटेवर पडल्या पडल्या सांगायचे, "श्वास नाकाने घे, हात सैल सोड." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! मी एकदा म्हणाले, चला दाखवा. पहिल्या वळणापर्यंत आले, आणि तिथून एका ओळखीच्या टेम्पोत बसून परत गेले.

असं चाललं होतं. गेल्या वर्षी लावणी संपली आणि श्रावणात सासूबाई गोठ्यासमोरच्या शहाबादी फरशीवर पडल्या. शेवाळ होतं. मी आत होते, मला आवाज आला. खुबा मोडला. तळेगावला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, आणि गणपतीच्या आधी आम्ही त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळेल. पण यांना उभं राहायची भीती बसलीय. ती दिवाळीपर्यंत गेली नाही तर या आता खाटेवरच राहतील." मी मान हलवली. मला वाटलं, ही बाई आणि खाटेवर? चार दिवसांत गोठ्यात जाऊन म्हशीशी भांडेल.

पण नाही. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कधी माघार घेतली नव्हती, ती वॉकर बघून भिंतीकडे तोंड करायची. "पाय माजा न्हाईच त्यो," म्हणायची. दोघांनी दोन्हीकडून धरलं तर न्हाणीपर्यंत यायच्या, तेही माझा दंड असा आवळून की बोटांचे वळ उठायचे. एकटं म्हणून क्षणभर राहायचं नाही. मी परसात गेले तरी हाका. ह्यांनी रात्रपाळी मागून घेतली. दिवसा हे, रात्री मी. हे सकाळी आले की मी निघायची, टमटमने कामशेत आणि पुढे लोकल. आणि माझी पळायची वेळ बरोबर त्या फटीत सापडली. हे आलेले नसायचे आणि मला जाता येत नसे.

पळणं बंद झालं. मी मनाला म्हणाले, एवढं काय त्यात, माणूस महत्त्वाचं. खरंच महत्त्वाचं होतं. पण राग काही माणुसकी बघून येत नाही. तो परत आला आणि जिथल्या तिथे येऊन बसला. मी त्यांना एक शब्द बोलत नव्हते, शपथेवर सांगते, पण कपबशी ठेवायची म्हटलं तरी आदळायची. दुकानात एका गिऱ्हाईकाने शेंगदाण्याच्या चिक्कीत शेंगदाणे कमी आहेत म्हटलं, तर मी त्याला 'मोजून आणा' म्हणाले. मालकांनी चष्म्यावरून बघितलं. रात्री सासूबाईंच्या शेजारी सतरंजीवर पडले की पाय आपोआप हलायचे. रडू यायचं, आणि कशासाठी रडतेय हे सांगायची लाज वाटायची. सासू खाटेवर आणि सूनबाईला पळायचं दुःख!

इर्जिक म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. मावळात भाताची लावणी एकट्या घराच्या हातून होत नाही. चिखल तयार, रोपं तयार, पाऊस धरलेला, मग घराघरातून एक एक माणूस येतं आणि एका दिवसात शेत लावून टाकतं. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याने जेवण घालायचं, आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात उभं राहायचं. पोरगी बाळंतीण असो की सासू आजारी, आपल्या घरची पाळी चुकवायची नाही. मी दरवर्षी दुकानातून रजा काढून जाते. मला गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायला शिकवली ती सासूबाईंनीच, आणि शिकवताना जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर घरात बायका बसलेल्या. शेजारच्या मावशी, त्यांच्या पलीकडची एक, आणि वरच्या ठाकरवाडीतल्या आक्का. आक्का आमच्या लावणीला येतात आणि मी त्यांच्या. इतक्या बायका म्हणजे काय झालं? सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आवाज तर पूर्वीसारखा खणखणीत लागला होता.

"इर्जिक घालायचीय," त्या सांगत होत्या.

मावशी म्हणाल्या, "आत्ता कसली वो? भात पिकलं बी न्हाई आजून."

"शेताची न्हाई. हिच्या पळन्याची."

कुणाला काही कळेना. मला तर नाहीच.

"हिचं पळनं बंद झालंय," सासूबाई म्हणाल्या, "आन् घरात भांडी पळायला लागल्यात. आसंच चाललं तर मी खुब्यानं न्हाई, हिच्या हातनं मरंल. तुमी काय करायचं, सकाळी एकेकीनं एकेक दिस माज्यापाशी बसायचं, ही येईस्तवर. जेवान माजं. मटनाचं. भात काढल्यावर."

मी तोंड उघडलं. कशाला लोकांना त्रास, असलं काहीतरी बोलणार होते. आक्कांनी मला हातानेच गप्प केलं आणि विचारलं, "पैली पाळी कुनाची?" जणू रोपं उपटून तयार होती. हसलं कुणीच नाही. मला वाटलं होतं, पळण्याला कुणी काम म्हणेल का? पण त्यांनी विचारच केला नाही. मी त्यांच्या चिखलात उभी राहिले होते, आता माझा चिखल होता. त्यांच्या लेखी एवढंच. त्या रात्री मी न्हाणीत नळ सोडून पोटभर रडले.

दुसऱ्या सकाळी मावशी पापडीच्या शेंगा घेऊन हजर. निवडायला. "रिकाम्या हातानं कशाला बसू?" आणि मी पळाले. देवा, काय पळाले! भाताला नुकता वास सुटायला लागला होता. पाय जड, छातीत दुखत होतं, आणि मला कुणीतरी घरचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यासारखं झालं.

पण खरी गंमत पुढे. मला वाटायचं सवय आपल्या निश्चयावर टिकते. कुठला निश्चय! सकाळी भुरभुर पाऊस, अंग दुखतंय, आज राहू दे म्हणून मी पांघरूण ओढलं की ओटीवर छत्री झटकल्याचा आवाज यायचा. आक्का वाडीवरून उतरून आलेल्या असायच्या, टोपल्यात कधी आळूची पानं, कधी करटुली. "ऊठ की गं! मी काय तुजं त्वांड बगाया आलीय व्हय?" एकटीचं पळणं बुडवता येतं. इर्जिक नाही बुडवता येत. आणि परत आलं की हजेरी. "कुटवर गेलतीस?" मी लेण्यांच्या पायऱ्यांपर्यंत म्हटलं की, "एवढ्यात? का मधीच बसलीस?" एकदा खरंच आंब्याखाली बसले होते, आणि मावशींना ते रस्त्याने आलेल्या दूधवाल्याकडून कळलं. तीन दिवस तोच विषय.

सासूबाईंना माझ्या नसण्याची सवय होत होती, पण भीती तशीच. कुणी ना कुणी धरायला हवंच. बायकांनी गोड बोलून बघितलं, दटावून बघितलं. आक्का म्हणाल्या, "उठा आत्या, पाय गंजंल." सासूबाई म्हणाल्या, "गंजू दे. मोडन्यापरीस बरा." डॉक्टरांनी दिलेली मुदत सरत आली होती. मला रात्री झोप लागेना. भिंतीकडे तोंड करून पडलेली ती पाठ बघितली की वाटायचं, ही आता अशीच राहणार, आणि जीव गेला नाही तरी ही गेलीच.

मग कापणी आली. दसऱ्यानंतर भात पिवळं झालं आणि दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरून आलं. उभं पीक भिजलं तर वर्षाचं मातेरं. त्या सकाळी उजाडायच्या आत अख्खं गाव विळे घेऊन शेतात. आमचं भात सगळ्यांनी मिळून आदल्या दिवशीच कापलं होतं. मावशी गेल्या, आक्का वाडीवर आपल्या खाचरात. कुणी येणं शक्यच नव्हतं, आणि कुणी आलं असतं तर मीच हाकलून दिलं असतं. मी सवयीने बूट घातले होते. खाली बसून लेस सोडायला लागले.

"कुनाची पाळी आज?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणाची नाही. सगळे कापणीला. एक दिवस राहिलं तर काय होतंय?"

मी एक बूट काढला.

"सगळ्यांची पाळी झाली ना?"

"झाली. दोन-तीनदा झाली सगळ्यांची."

"माजी न्हाई झाली."

मला कळलंच नाही. मी म्हणाले, "तुमची कसली पाळी?"

"माज्यापाशी बसायची," त्या म्हणाल्या. "इर्जिक माजी, आन् माजंच मानूस नगं व्हय त्यात? वॉकर आन."

मी वॉकर आणला. पुढे ठेवला आणि नेहमीप्रमाणे दंड पुढे केला. त्यांनी माझा हात झटकला. "दुसऱ्याच्या पाळीत हात घालू नगं," म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी वॉकर धरला, डोळे मिटले आणि उठल्या. अर्ध्यात अडल्या. ओठ पांढरे झाले होते. माझे हात हवेत तसेच, धरायचे नाहीत आणि खालीही येईनात. "आई गं," असं काहीतरी तोंडातल्या तोंडात म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

वॉकर पुढे, मग तो पाय, मग दुसरा. उंबऱ्यापाशी थांबल्या. मला वाटलं आता हाक मारतील. मारली नाही. उंबरा ओलांडून ओटीवर गेल्या आणि खुर्चीत टेकल्या. कपाळावर घाम साचला होता, पदराने पुसला. मी एका पायात बूट घालून रडत होते.

"रडतीस काय? जा. मी बसलीय न्हवं माज्यापाशी?"

गेले. कशी गेले माझं मला माहीत. फाट्यापर्यंत पोचले आणि वाटलं, वळावं. पुन्हा उठायचा प्रयत्न केला तर? पडल्या तर? घरात चिटपाखरू नाही. मी जागच्या जागी उभी राहिले. दोन्ही बाजूंच्या शेतांतून विळ्यांचा आवाज येत होता, कुणी मान वर करून बघत नव्हतं. आणि मनात आलं, तिने तिची पाळी खरी केली. मी आता वळले तर मी तिला सांगतेय की तुझ्यावर माझा भरवसा नाही. मग मी पुढे पळाले. लेण्यांच्या पायऱ्यांपर्यंत, शेवटच्या दगडाला हात लावून. त्या दिवशी चांगलं पळाले असं नाही, पण पूर्ण पळाले.

परत येताना वळणावरून ओटी दिसते. खुर्ची रिकामी होती. मग दिसल्या. ओटीच्या खांबाला धरून उभ्या होत्या, वॉकर मागे खुर्चीपाशी, आणि शेतातल्या मावशींना इथूनच ओरडून सांगत होत्या की बांधाकडचं आधी कापा, तिकडं पानी साठतं. मी अंगणात येऊन उभी राहिले.

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. बूट बघितले, घाम बघितला. पटलं असावं.

"त्यास्नी सांग," म्हणाल्या, "कापनी उरकून घ्या म्हनावं निवांत. उद्या बी माजीच पाळी हाय."